नवा गुडघा आणि जुना दोर

विहिरीवरची मोट आता आपल्याकडे दिसत नाही. विजेचे पंप आले आणि मोटेबरोबर मोटेवरची गाणीही गेली. तरी ज्या वडीलधाऱ्या श्रोत्यांनी लहानपणी मोट चालताना पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे ती मी आज पुन्हा उभी करणार आहे. कारण माणसाच्या गुडघ्याची रचना समजावून घेण्यास तिच्यासारखा दुसरा दाखला मला सापडलेला नाही. बैल धावेवरून खाली उतरतात, त्यांच्या जुवाला बांधलेला नाडा विहिरीच्या तोंडावरील चाकावरून ओढला जातो, आणि पाण्याने भरलेली मोट वर येते. बैल बळकट आहेत, चाक गुळगुळीत आहे, मोटही शाबूत आहे. पण नाडाच मध्ये तुटला असेल तर? बैल धावेच्या टोकास पोचतील आणि मोट विहिरीच्या तळाशीच राहील.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच तुटलेला नाडा आहे. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आपल्या छत्रपती संभाजीनगरात आता नवलाची राहिलेली नाही. लग्नकार्यास जमलेल्या मंडळींत "आमच्या आईचे दोन्ही गुडघे बदलले, आता ती जिना चढते" असे सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. अशी हकीकत ऐकून गुडघेदुखीने गांजलेल्या माणसास आशा वाटावी हे स्वाभाविक आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती सार्थही ठरते. परंतु रोग्यांचा एक लहानसा वर्ग असा आहे की, ज्यांच्या गुडघ्यात झिजलेल्या हाडांखेरीज आणखी एक दुखणे वर्षानुवर्षे मुक्काम करून असते. गुडघ्याच्या पुढील बाजूचा दोर, म्हणजे कंडरा, पूर्वी कधी तरी तुटलेली किंवा विरलेली असते. अशा रोग्याने शेजाऱ्याच्या आईचा अनुभव आपल्यास जसाच्या तसा लागू करून घेतला, तर त्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव आहे. त्याने काय जाणून घ्यावे, काय विचारावे, आणि कशाची अपेक्षा धरावी, हे सांगण्याचा माझा आज विचार आहे.

प्रथम रचना पाहू. मांडीचे हाड वरून येते, नडगीचे हाड खालून येते, आणि दोहोंची टोके जेथे भेटतात तेथे गुडघ्याचा सांधा होतो. ह्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते, आणि सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याच्या पुढे वाटी असते. मांडीच्या पुढील भागी चार भागांचा एक मोठा स्नायू आहे. हे चारही भाग खाली एकत्र येऊन त्यांची एक जाड, पांढरी पट्टी बनते, आणि ती वाटीच्या वरच्या काठास चिकटते. वाटीच्या खालच्या टोकापासून दुसरी पट्टी निघते, आणि ती नडगीच्या पुढील उंचवट्यास जाऊन मिळते. हा उंचवटा आपल्यापैकी कोणासही बोटाने चाचपता येईल. ह्या दोन पट्ट्या म्हणजे गुडघ्याच्या पुढील कंडरा. मोटेच्या दाखल्यात सांगावयाचे तर मांडीचा स्नायू हे बैल, वाटी हे चाक, कंडरा हा नाडा, आणि नडगी ही मोट होय. स्नायू आखडला म्हणजे कंडरा ओढली जाते आणि पाय गुडघ्यात सरळ होतो.

कंडरा हा शब्द काही नवा बनविलेला नाही. सुश्रुताने मनुष्यशरीरात १६ कंडरा गणल्या आहेत: पायांत चार, हातांत चार, मानेत चार आणि पाठीत चार. त्याची गणती आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाही. पण हाडांना हालविणारे हे दोर स्नायूंहून निराळे ओळखले पाहिजेत, ही दृष्टी त्यात आहे.

ह्या दोरावर भार किती पडतो, ते पाहण्यासारखे आहे. सपाट जमिनीवर चालताना वाटी जिच्यावर टेकते त्या पृष्ठावर देहाच्या वजनाच्या सुमारे निम्मा दाब येतो. जिना चढताउतरताना तोच तिपटीच्या वर जातो, आणि खोल उकिडवे बसताना सात-आठ पटींपर्यंत पोचतो. ६० किलो वजनाचा मनुष्य शेतात उकिडवा बसून खुरपतो, तेव्हा त्याच्या वाटीमागे चारशे किलोंहून अधिक दाब असतो. हा दाब उत्पन्न होतो तो कंडरेच्या ओढीमुळेच. निरोगी कंडरा हे सारे वर्षानुवर्षे बिनतक्रार सोसते. परंतु तिच्यात एक उणीव आहे. स्नायू तांबडा असतो, कारण त्यात रक्त भरपूर खेळते. कंडरा पांढरी असते, कारण तिला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. म्हणून ती एकदा विरली की भरून येण्यास फार वेळ लागतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, आमवातासारखे सांध्यांचे रोग, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधे, आणि जंतुनाशकांपैकी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची औषधे ह्यांनी ती कमकुवत होऊ शकते, हे आता ठरून गेले आहे.

आता एक कल्पित, पण अशा रोग्यांत नित्य आढळावे असे उदाहरण घेऊ. पैठणच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातील शेतकरी गृहस्थ आहेत. त्यांना आपण आबा म्हणू. वय ६५. बारा वर्षांपूर्वी पावसाळ्यात बांधावरून उतरताना त्यांचा पाय घसरला. पडू नये म्हणून त्यांनी मांडी ताठ केली, आणि त्याच क्षणी गुडघ्यात काही तरी तुटल्याचा आवाज झाला. गुडघा सुजला. छायाचित्रात हाड मोडलेले दिसले नाही, तेव्हा मुका मार म्हणून पट्टी बांधली, लेप लावला, आणि महिन्याभराने सूज ओसरल्यावर आबा शेतावर जाऊ लागले. त्यांच्या मांडीवरची कंडरा तुटली होती हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते चालत, पण पाऊल टाकताना मांडीवर हात ठेवून गुडघा मागे दाबीत. उतारावर गुडघा अचानक मोडे. जिना उतरावयाचा तर आडवे होऊन एकेक पायरी उतरत. पुढे गुडघा दुखू लागला, वाकडा होऊ लागला, आणि आता क्ष-किरणांच्या छायाचित्रात कूर्चा पार झिजलेली दिसते. कधी अशा लंगड्या चालीनेच झिजेस हातभार लागतो, कधी झीज वयोमानाने स्वतंत्रपणे येते. काहीही असले तरी आबांच्या एकाच गुडघ्यात आता दोन दुखणी आहेत. त्यांची इच्छा मोठी नाही. फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथषष्ठीच्या सोहळ्यास, पूर्वीप्रमाणे पायी पैठणला जावे, इतकीच आहे.

आबांचा मुलगा म्हणतो, "गुडघा बदलून टाकू." तेव्हा गुडघा बदलणे म्हणजे नक्की काय बदलणे, हे आपण पाहू.

ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीझ ग्लुक ह्या शल्यवैद्याने १८९० मध्ये क्षयाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवून पाहिली. परंतु जंतुसंसर्गापुढे त्याचा इलाज चालला नाही. पुढे इंग्लंडातील जॉन चार्न्ली ह्यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि हाडास सांधा चिकटविण्याचे सिमेंट ह्यांच्या योगाने खुब्याचा सांधा बदलण्याची रीत सिद्ध केली. त्यांच्याच रुग्णालयात काम करणाऱ्या फ्रँक गन्स्टन ह्या कॅनेडियन शल्यवैद्याने १९६८ च्या सुमारास ती विचारसरणी गुडघ्यास लावली. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल, चित्तरंजन रणावत आणि पीटर वॉकर ह्यांनी जो सांधा तयार केला, त्याच्याच वंशातील सांधे आज जगभर बसविले जातात. ह्यांपैकी डॉक्टर रणावत हे मूळचे मध्य प्रदेशातील. त्यांचे नाव आपल्याकडे घरोघरी झाले ते मुंबईत. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांचा एक गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसरा जून २००१ मध्ये त्यांनी ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. दुसऱ्या शस्त्रक्रियेस दीड महिना होण्यापूर्वीच, जुलैच्या मध्यास, वाजपेयी आग्र्याच्या परिषदेत पाकिस्तानच्या अध्यक्षांशी वाटाघाटी करीत होते. महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांस ह्या शस्त्रक्रियेचा परिचय झाला तो त्या दिवसांतील वृत्तपत्रांमुळेच.

शस्त्रक्रियेत होते ते असे. कमरेखालचा भाग बधिर करून गुडघ्याच्या पुढे उभा छेद घेतात, वाटी तिच्या कंडरांसह बाजूस सारतात, आणि मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या झिजलेल्या टोकांचे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे काप काढतात. मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमियम धातूची टोपी बसते, नडगीवर धातूची बैठक बसते, आणि दोहोंमध्ये चिवट प्लास्टिकची गादी राहते. जरूर पडल्यास वाटीच्या आतील बाजूसही प्लास्टिकची चकती लावतात. मग वाटी पुन्हा जागेवर आणून छेद शिवतात. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील नोंदींवरून असे दाखविले की, बसविलेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही जागेवर टिकून होते.

आता श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या सर्व खटाटोपात बदलले गेले ते काय? हाडांची टोके. म्हणजे मोट नवी झाली, चाक नवे झाले, कणाही नवा झाला; नाडा मात्र जुना तो जुनाच राहिला. ज्याचा नाडा शाबूत आहे त्यास ह्यात काहीच अडचण नाही, कारण त्याचे दुखणे झिजेचेच असते. पण आबांच्या गुडघ्यात नुसता धातूचा सांधा बसविला, तर वेदना बहुधा कमी होतील, वाकडा पाय सरळ होईल, आणि तरीही पहिल्याच उतारावर गुडघा पूर्वीसारखाच मोडेल. इतकेच नव्हे, तर असा मनुष्य पडून नव्या सांध्याभोवतीचे हाड मोडण्याची भीती राहील. जुन्या जखमेच्या गुडघ्यात आणखी एक धोका आहे. सांधा आखडलेला आणि कातडीखालील भाग चिवट झालेला असला, की वाटी बाजूस सारताना उरलीसुरली कंडरा नडगीवरून उखडून येऊ शकते. म्हणून अशा गुडघ्यात शल्यवैद्य घाई न करता, कधी कंडरेची वरची बाजू किंचित छेदून, तर कधी नडगीवरचा तो उंचवटाच हाडाच्या पातळ तुकड्यासह उचलून, मार्ग काढतात.

ह्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी महत्त्वाची. तिचा पहिला भाग अगदी साधा आहे. रोग्याने उताणे निजावे, गुडघा सरळ ठेवून टाच अंथरुणापासून वीतभर उचलावी, आणि तशीच धरावी. मग खुर्चीच्या कडेवर बसून लोंबता पाय पूर्ण सरळ करून दाखवावा. दुखत असूनही ज्यास हे करता येते, त्याचा दोर बहुधा जुळलेला आहे. दुसऱ्याने पाय सरळ करून दिला तर तो सरळ होतो, पण स्वतःच्या बळाने होत नाही, असे आढळले तर कंडरेविषयी संशय घ्यावा. ही परीक्षा जुन्या दुखण्याची आहे. नुकत्याच पडलेल्या मनुष्याकडून ती घरी करवून घेऊ नये. दुसरा भाग छायाचित्राचा. खालची कंडरा तुटली तर वाटी वर सरकते, वरची तुटली तर ती खाली उतरते. वाटीची लांबी आणि खालच्या कंडरेची लांबी निरोगी मनुष्यात जवळजवळ सारखी असते. हे प्रमाण इन्सॉल आणि साल्व्हाटी ह्यांनी १९७१ मध्ये मांडले. तेव्हा एका साध्या क्ष-किरण छायाचित्रावरही फुटपट्टी ठेवून पुष्कळ कळते. त्यापुढे सोनोग्राफी किंवा एमआरआय ह्यांच्या साह्याने कंडरेत अंतर किती पडले आहे आणि मांडीच्या स्नायूची अवस्था काय आहे, ते पाहतात. ही दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. कारण वर्षानुवर्षे ओढ नसलेला स्नायू आखूड होतो, वाळतो, आणि त्यात चरबी शिरते. नाडा नवा बांधता येईल; पण बारा वर्षे दावणीस बांधून ठेवलेल्या बैलांच्या अंगी पूर्वीचे बळ कोठून आणावयाचे?

मग उपाय काय? ते अनेक आहेत, आणि त्यांतील कोणताही सर्वांस सारखा लागू नाही. कंडरा केवळ अंशतः विरलेली असेल आणि पाय स्वबळाने सरळ होत असेल, तर नेहमीचीच शस्त्रक्रिया अधिक जपून करतात आणि नंतरचे व्यायाम सावकाश देतात. कंडरा पूर्ण तुटलेली असेल, तर तिची पुनर्रचना करावी लागते. वर्षानुवर्षे दूर गेलेली दोन टोके ओढून नुसते टाके घातले तर ते टिकत नाहीत, हा शल्यवैद्यांचा अनुभव आहे. कृत्रिम सांध्याच्या बाबतीत तर विशेषच. म्हणून दुसरा धागा मिळवावा लागतो. तो रोग्याच्याच मांडीच्या मागील बाजूच्या बारीक कंडरांपैकी एखादी घेऊन, वाटीत व नडगीत छिद्रे पाडून, त्यांतून ओवता येतो. मृत दात्याच्या टाचेवरची बळकट कंडरा, हाडाच्या तुकड्यासह, वापरता येते. मात्र त्यासाठी ऊतकपेढी लागते, आणि ती सोय सर्वत्र नसते. तिसरा मार्ग विणलेल्या कृत्रिम जाळीचा. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत वापरतात तशा पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची गुंडाळी करून ती कंडरेच्या जागी बसविण्याची रीत अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या शल्यवैद्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. शरीरातील ऊती त्या जाळीच्या डोळ्यांत शिरतात, आणि जाळी व ऊती मिळून एक नवा दोर होतो.

हे काम सांधा बदलतानाच करावे, की आधी दोर बांधून काही महिन्यांनी सांधा बदलावा, हाही विचाराचा प्रश्न असतो. एकदाच केले तर भूल एकदा, खर्च एकदा, रुग्णालयातील वास्तव्य एकदा. पण शस्त्रक्रिया मोठी होते आणि दोन्ही जखमांस एकाच वेळी भरून यावे लागते. दोनदा केले तर दोराला जुळण्यास अवधी मिळतो; पण रोग्याच्या आयुष्यातील वर्ष त्यात जाते. आणि ज्याचा स्नायू पूर्णपणे गेला आहे, अथवा ज्याच्या सांध्यात जंतुसंसर्ग होऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत गुडघ्यास आधार देणारा पट्टा कायमचा वापरणे, किंवा गुडघा सरळ स्थितीत कायमचा जोडून टाकणे, हेही शहाणपणाचे उपाय ठरू शकतात. न वाकणारा पण न दुखणारा आणि न मोडणारा पाय, हा काही थोडा लाभ नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ हा रोग्याच्या कसोटीचा काळ होय, आणि येथेच शेजाऱ्याचा अनुभव सर्वांत अधिक फसवितो. नेहमीच्या रोग्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात, आणि गुडघा वाकविण्याची घाई करतात. कंडरा बांधलेल्या रोग्यास ह्याच्या उलट सांगावे लागते. त्याचा पाय सहा ते बारा आठवडे सरळ बांधून ठेवतात. तो आधाराने उभा राहील, चार पावलेही टाकील, पण गुडघा वाकविणार नाही. त्यानंतर थोडे थोडे अंश वाकविण्याची परवानगी मिळते. ह्या अवधीत शेजारच्या खाटेवरील मनुष्य नव्वद अंश गुडघा वाकवून घरी जातो, भेटीस आलेले नातेवाईक "तुमचा अजून वाकत नाही?" असे विचारतात, आणि बिचाऱ्या रोग्यास आपले काही तरी बिघडले असे वाटू लागते. बिघडलेले काही नसते. नाड्याची गाठ पक्की होईपर्यंत मोट विहिरीत सोडावयाची नाही, एवढाच त्याचा अर्थ. आज्ञा मोडून लवकर वाकविण्याचा प्रयत्न केला, तर नवा दोर ताणून लांब होतो. आणि मग पाय उचलताना शेवटचे दहावीस अंश सरळ होतच नाहीत.

तेव्हा अशा रोग्याने आरंभीच एक निवड समजून घेतली पाहिजे. वाकणे आणि ताठ उभे राहणे, ह्या दोहोंत त्याच्यासाठी ताठ उभे राहणे अधिक मोलाचे आहे. सपाटीवर चालण्यास गुडघा सुमारे ६५ अंश वाकला तरी पुरतो. जिना चढण्यास ८५ च्या आसपास, आणि खुर्चीवरून उठण्यास ९० हून थोडे अधिक लागतात. मांडी घालून पंगतीस बसणे, उकिडवे बसून खुरपणे, देशी पद्धतीचा संडास वापरणे, ह्यांस त्याहून पुष्कळ अधिक लागतात, आणि त्यांचा लोभ अशा गुडघ्याने धरू नये. घरात उंच आसनाचा संडास, भिंतीस धरावयास कठडा, देवपूजेस पाटाऐवजी खुर्ची, एवढी सोय शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावी. दौलताबादच्या किल्ल्याचा माथा किंवा अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या हे अशा गुडघ्याचे पहिले ध्येय असू नये. घराच्या उंबऱ्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत मांडीवर हात न ठेवता जाता येणे, हे असावे.

खर्चाविषयीही दोन शब्द. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या औषधकिंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किंमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची मर्यादा त्या वेळी, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. पुढे ह्या आकड्यांत फेरफार होत आले आहेत. पण ही किंमत सांध्याची. शस्त्रक्रिया, भूल, रुग्णालयातील वास्तव्य, जाळी किंवा अन्य साहित्य, पट्टा आणि अनेक महिन्यांचे व्यायामोपचार हा खर्च निराळा, आणि कंडरेच्या रोग्यास तो अधिक पडतो. तो अंदाज आधी लेखी मागून घेण्यात संकोच कसला? सरकारी योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे. आपल्या शहरात घाटी म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हे महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले, आणि मराठवाड्यातील गोरगरिबांचा तो जुना आधार आहे. तेथील किंवा अन्य कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाताना रोग्याने आपली जुनी छायाचित्रे, जुने कागद, आणि "मी अमुक वर्षी असा पडलो होतो" ही हकीकत न विसरता बरोबर न्यावी. बारा वर्षांपूर्वीच्या घसरण्याचा आजच्या दुखण्याशी काय संबंध, असे समजून ती सांगितलीच जात नाही, आणि नेमकी तीच सर्वांत कामाची असते.

शल्यवैद्यास विचारावयाचे प्रश्न चारच आहेत. माझी कंडरा शाबूत आहे काय? नसल्यास ती कशाने बांधणार? पाय किती आठवडे सरळ राहील? आणि शेवटी मला काय करता येईल व काय येणार नाही? अशी पुनर्रचना पूर्वी केली आहे काय, हेही विनयाने विचारण्यास हरकत नाही. चांगला शल्यवैद्य त्याचा राग मानीत नाही. आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरेपर्यंतचे आठवडे वाया घालवू नयेत. रक्तातील साखर ताब्यात आणावी, तंबाखू सोडावी, आणि तपासून सांगितल्याप्रमाणे मांडीचा व्यायाम करावा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबणे, मनात दहा मोजेपर्यंत धरणे, आणि सोडणे, ह्या साध्या क्रियेने दावणीचे बैल थोडे तरी जागे होतात.

जे श्रोते आज धडधाकट आहेत, त्यांच्यासाठीही ह्यात एक बोध आहे. पडल्यावर गुडघा सुजला, हाड मोडलेले नाही, पण पाय सरळ उचलता येत नाही, असे झाले तर त्यास मुका मार म्हणून सोडून देऊ नका. तुटलेली कंडरा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शिवली तर ती चांगली जुळून येते. तीच बारा वर्षांनी बांधावयाची तर किती सायास पडतात, ते आपण आता ऐकलेच.

आणि आबा? ते कल्पित असल्यामुळे त्यांच्या शस्त्रक्रियेचा निकाल मी आपणांस सांगू शकत नाही. परंतु त्यांच्यासारखा एखादा खरा गृहस्थ आपल्या घरी, आपल्या गल्लीत असेल, तर त्यास इतके अवश्य सांगा की, नुसता सांधा बदलण्याचा निर्णय करू नये. आधी दोराची चौकशी करावी. दोर बांधता आला आणि त्याने धीर धरला, तर एखाद्या फाल्गुनात, काठीच्या आधाराने का होईना, थोडीशी वाट तो आपल्या पायांनी चालेल. उरलेली वाट गाडीने गेला, तरी नाथांच्या दारी त्यास कोणी उणे म्हणणार नाही.